साडेसातचा रिपोर्ट

आमच्या सासऱ्यांना गावात सगळे मेजर म्हणतात. ते मेजर कधीच नव्हते. दफादार म्हणून, म्हणजे हवालदाराच्या हुद्द्यावर, रिटायर झाले. पण पारनेर तालुक्यात पलटणीतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तिथं तो भाजी का चिरत असेना. नाव गहिनीनाथ रोहोकले. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. मी त्यांची सून, पूजा. माहेर कोपरगावचं, उसाच्या पट्ट्यातलं. या पठारावर वाटाणा आणि मूग सोडून पिकतं काय, असं माझ्या भावानं लग्नाआधी विचारलं होतं. फौजी पिकतात, असं मध्यस्थ म्हणाला. तेव्हा सगळे हसले. मीही हसले.

दादांची चोवीस वर्षांची नोकरी. त्यातली अकरा वर्षं नगरलाच गेली, पोरांना टँक चालवायला शिकवण्यात. शिकवणाऱ्याला तिथं उस्ताद म्हणतात. खारेकर्जुन्याच्या रानात झाकण बंद करून टँक चालवायचा, म्हणजे आत बसलेल्या पोराला बोटभर रुंदीची काच, बाकी अंधार आणि धूळ. वर उस्ताद. दोघांच्या कानाला हेडफोन. उस्तादानं ‘धीरे’ म्हटलं की आतून आधी ‘धीरे, उस्ताद’ असं परत यायला हवं, मगच पाय हलवायचा. आणि दर थोड्या वेळानं वरून विचारायचं, सब ठीक? आतून ‘सब ठीक, उस्ताद’ आलं तर पुढं जायचं. काहीच आलं नाही तर टँक जागच्या जागी उभा करायचा आणि झाकण उघडून बघायचं. दादांच्या हाताखाली एकही अपघात झाला नाही. टँक मध्येच बंद पडला तरी ते पोराला बोलायचे नाहीत. ‘चूक उस्तादाची,’ म्हणायचे आणि पहिल्यापासून शिकवायला घ्यायचे. हे मला त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका माणसानं सांगितलं. माझ्या लग्नात तो वाढायला होता आणि दादांसमोर पंगतीतसुद्धा ताठ उभा राहत होता.

मला ट्रॅक्टर दादांनीच शिकवला. माझ्या बापानं मला सायकलसुद्धा शिकवली नव्हती. बँकेचे फॉर्म, रामच्या नोकरीचे कागद, कॅन्टीनचं कार्ड, मोटर जळली तर कुणाला गाठायचं, सगळं त्यांनी सुनेला पहिल्या वर्षात शिकवलं. कधी आवाज चढवला नाही. म्हणून त्यांच्यावर धड चिडताही येत नाही, आणि याचीच मला जास्त चीड येते.

त्यांनी अजून एक गोष्ट शिकवली. लग्नाला आठवडा झाला होता, राम रेजिमेंटला परत गेला होता. राम माझा नवरा, तोही टँकवरच, तिकडं राजस्थानात. दादांनी मला ओट्यावर बसवलं, स्वतःचा मोबाईल कानाला लावला आणि म्हणाले, “मी राम हाय. तिकडून फोन केलाय. सांग घरचं.”

मी म्हणाले, “इकडं अजून पाऊस नाही...”

“पाऊस न्हाई तर तो तिथून काय करनार? परत सांग.”

“आईंचा गुडघा दुखतोय.”

“तो येऊन चेपनार हाय का? परत.”

चौथ्या वेळेला मला उत्तर सापडलं. सब ठीक. दादा म्हणाले, “शाब्बास. रोज साडेसातला हे. रडायचं न्हाई, कन्हायचं न्हाई. आनि तो जेवढं इचारंल तेवढंच बोलायचं.”

यामागं कारण होतं आणि ते त्यांनी सांगितलंही. त्यांच्या पलटणीतल्या एका जवानाला घरून तार आली, त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी टँकच्या झाकणाखाली त्याचा हात चिरडला. तो चिरडलेला हात दादांनी फडक्यात धरून नेला होता. रिटायर होऊन आल्यापासून गावात कुणा फौजीचं लग्न झालं की नवी नवरी आमच्या ओट्यावर यायची, आणि दादा मोबाईल कानाला लावून तिचा नवरा व्हायचे. व्हिडिओ कॉलला आमच्या घरात बंदी. चेहरा चुगली करतो, म्हणायचे.

माझ्या सासूबाई, मालनबाई, मी त्यांना आई म्हणायचे, त्या दिवशी दारात उभं राहून बघत होत्या. दादा उठून गेल्यावर माझ्याजवळ आल्या. “राम पोटात हुता तवा मी हिरीच्या पायरीवरून पडले,” म्हणाल्या. “सांजच्याला यस्टीडीवर जाऊन सांगितलं, सब ठीक. सवय हुती गं. मग काय वाटत न्हाई.” त्या हसत होत्या. त्या चांगल्या शिकल्या होत्या.

मला हे कळायला दहा वर्षं लागली की दादांनी धडा घरी आणताना उलटा केला. टँकमध्ये ‘सब ठीक’ आलं नाही तर थांबायचं. आमच्याकडं ‘सब ठीक’ आल्याशिवाय फोन ठेवायचाच नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि आईंचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ म्हणून गावठी औषध झालं, मग नगरला नेलं. रामचा चुलतभाऊ वाल्मिक त्याच्या टेम्पोतून आम्हाला घेऊन गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले. रामचा तेव्हा दफादारीचा कोर्स चालू होता. तो मध्येच सोडला तर परत कधी नंबर लागेल सांगता येत नव्हतं. दादा दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहून म्हणाले, “रामला कळवायचं न्हाई. कोर्स व्हऊ दे.” वाल्मिकलाही तसंच बजावलं.

मी कळवलं नाही. हे मला नीट लिहायचंय. कुणी माझा हात धरला नव्हता. मोबाईल माझ्याकडं होता, नंबर माझ्याकडं होता, नवरा माझा होता. रोज साडेसातला फोन यायचा, आणि मी बायकांच्या वॉर्डाबाहेर येऊन म्हणायचे, सब ठीक. सुरुवातीला आईसुद्धा बोलायच्या. “सब ठीक हाय रं,” म्हणायच्या आणि मोबाईल माझ्या हातात द्यायच्या. शेवटी त्यांचा आवाज फोनवर ऐकू जाण्याएवढा निघेना. तेव्हा दादांनी मला सांगायला लावलं की आई शेतात गेल्यात. हिवाळ्यात, साडेसातच्या अंधारात, शेतात. राम म्हणाला, “बरं.”

वॉर्डात पुरुषांना बसू देत नव्हते. दादा दिवसभर बाहेर बाकड्यावर बसायचे. मी बाहेर आले की विचारायचे, “काय म्हनती?” मी म्हणायचे, “ठीक हाय.” आई आत काय म्हणायच्या ते मी त्यांना सांगितलं नाही. माझंही शिक्षण पुरं झालं होतं.

त्या गेल्यावर दादांनी रेजिमेंटच्या ऑफिसला कळवलं. राम अंत्यविधीला पोचला नाही, सावडायला पोचला. अस्थी गोळा करताना त्यानं कुणाकडं बघितलं नाही. भांडला नाही, रडला नाही. तेराव्याला परत गेला, कोर्स पुरा केला, दफादार झाला. गावानं पेढे खाल्ले. त्यानंतर साडेसातला त्याचा फोन यायचा तो अर्ध्या मिनिटाचा. तो म्हणायचा सब ठीक? मी म्हणायचे सब ठीक. सुट्टीवर आला की शेतात राबायचा, मुलीला शाळेत सोडायचा, झोपायचा. त्याच्या शेजारी पडून मी छताकडं बघत राहायचे, आणि मला काहीच वाटायचं नाही. वाईटसुद्धा नाही. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल असतो ना, तशी मी दोन वर्षं सगळीच होते.

यंदा श्रावणात दादांच्या डोळ्यांत तोच पिवळा रंग दिसला. मी ओळखला. तेही ओळखून होते, सकाळी दाढी करताना आरसा उन्हाकडं फिरवून डोळे बघायचे. वाल्मिकचा टेम्पो, नगर, तेच फाटक. पित्ताच्या नळीपाशी गाठ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, गुरुवारी, उघडल्यावरच काय ते कळेल. फाटकाबाहेर आल्यावर दादा म्हणाले, “रामला कळवायचं न्हाई. ऑपरेशन व्हऊ दे.” तीच जागा, तोच आवाज. मी मान हलवली. वाल्मिकनंही हलवली.

कदाचित मी या वेळीही गप्प बसले असते. पण मंगळवारी संस्कृती पडली. संस्कृती आमची मुलगी, नऊ वर्षांची. माळ्याच्या शिडीवरून पडली ती संध्याकाळी सहाच्या सुमाराला, कुणी बघितलं नव्हतं. साडेसातला बापाचा फोन आला तेव्हा तिनं उजव्या हातानं मोबाईल धरला आणि म्हणाली, “सब ठीक, पप्पा. अभ्यास ठीक, जेवण ठीक.” फोन ठेवला आणि मग डावा हात माझ्यापुढं केला. मनगट वांग्याएवढं सुजलं होतं. “आई, लई दुखतंय,” म्हणाली.

दादा बाजेवर बसले होते. त्यांनी तो हात बघितला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “शाब्बास.”

दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. राग आला. इतका राग आला की पोरीला वाल्मिकच्या टेम्पोत घालून पारनेरला नेईपर्यंत मी दादांशी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर काय बोलले असते ते माझं मलाच माहीत नव्हतं. हाड मोडलेलं निघालं. प्लॅस्टर झालं. परत आल्यावर मी म्हणाले, “उद्या साडेसातला रिपोर्ट तुम्ही द्यायचा, दादा. मी देणार नाही. पोरगीपण देणार नाही.”

“देतो की,” ते म्हणाले.

बुधवारी साडेसातला फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकून दादांच्या पुढ्यात बाजेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं, पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

“सब ठीक?” राम म्हणाला.

दादांनी पाठ सरळ केली. “सब ठीक.”

“ठीक नाही,” मी म्हणाले. मोबाईल उचललाही नाही, तशीच बाजेवर वाकून बोलले. “दादांचं उद्या ऑपरेशन आहे. गाठ आहे. संस्कृतीचा हात मोडलाय. आणि मी...” मी माझं सांगायला गेले, पण माझं काय सांगायचं ते सुचलं नाही.

“म्हाईतीये,” राम म्हणाला. “दादांचं वाल्मिकनं सांगितलं. त्याच दिवशी.”

दादा म्हणाले, “त्याला बजावलं हुतं म्या.”

“आईचंबी त्यानंच सांगितलं हुतं,” राम म्हणाला. “दवाखान्यात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी.”

 संस्कृती प्लॅस्टरवर पेननं काहीतरी काढत होती, तिचा हात थांबला.  दादांनी विचारलं, “तुला ठावं हुतं? मग आला का न्हाईस?”

“बोलावलं कुठं कुनी?” रामच्या आवाजात राग नव्हता. मोटर का बंद आहे असं विचारल्यावर लाईट नाही म्हणून सांगावं, तसं त्यानं सांगितलं. “सुट्टीचा अर्ज लिहून खिशात ठेवला हुता, दादा. रोज साडेसातला वाटायचं, आज सांगतील. घरून सांगितलं की निघायचं. पूजा म्हनायची सब ठीक. मग मीबी म्हनायचो.”

मी त्या दोन महिन्यांतली प्रत्येक संध्याकाळ मोजायला लागले आणि सोडून दिलं. तो पलीकडं खिशावर हात ठेवून उभा होता. मी अलीकडं वॉर्डाच्या दारात उभी होते. आत आई होत्या. तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही चोख रिपोर्ट देत होतो.

मला वाटलं, आता दादा म्हणतील, चूक उस्तादाची. ते म्हणाले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मोबाईलकडं बघत राहिले. नखंसुद्धा पिवळी झाली होती. 

“ये,” ते म्हणाले.

पलीकडून काही आलं नाही. दादा थांबले. पुढं बोलले नाहीत, परत विचारलंही नाही, नुसते थांबून राहिले.

“येतो, दादा,” राम म्हणाला. नंतर त्याच्या नाक ओढण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी पोरीला आत घेऊन जायला उठले. दादांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “मालन आत काय म्हनायची गं? तवा तू मला ठीक हाय सांगितलं. काय म्हनायची?”

“राम आला का, असं विचारायच्या,” मी म्हणाले.

“किती येळा?”

“रोज.”