उत्तराच्या दारावरचा कडुनिंब

आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांच्या भिंती अशा पातळ, की समोर कुकरची तिसरी शिट्टी झाली की आमच्याकडे शालिनी गॅस बंद करायला उठते. शालिनी मंत्रालयात नोकरीला, म्हणून क्वार्टर तिच्या नावावर. मी घरी बसून सरकारी कागदांचे अनुवाद करतो, म्हणून बाल्कनी माझ्या नावावर. आणि बाल्कनीत बसलेल्या माणसाला खाली काय चाललंय ते दिसणारच, त्यात माझा काय दोष?

तर अशा ठिकाणी गेल्या मार्चमध्ये समोरच्या उत्तराने दिवसा झोपायचं व्रत घेतलं. उत्तरा म्हणजे शांताराम आणि अलकनंदा यांची एकुलती एक. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. महिनाभर नाईट ड्यूटीचं पोस्टिंग लागलं होतं. संध्याकाळी सात वाजता पोरगी पांढऱ्याशुभ्र युनिफॉर्ममध्ये खाली उतरायची आणि सकाळी साडेआठला डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल लावून परतायची. उन्हाने झोप उडू नये म्हणून हो! पण दिसायची एखाद्या पडत्या काळातल्या नटीसारखी. जिन्यात मी भेटलो की म्हणायची, “गुड नाईट काका.”

“अगं, सूर्य बघ तरी!”

“तुमचा सूर्य तुम्हीच बघा. मला अजून दात घासून झोपायचंय.”

तिची तयारी मात्र पक्की. खोलीच्या खिडक्यांना काळे चार्ट पेपर. कानात कापूस. खिशात भाजलेले चणे. पहाटे चारला दोन दाणे चघळले की झोप म्हणे लाजून निघून जाते. शांतारामची शिंक तर अख्ख्या सेक्टरात नावाजलेली. रविवारी शिंक आली की तो नाक धरून दोन मजले उतरायचा आणि पार्कात जाऊन शिंकायचा. एकदा वाटेतच सुटली, तर अलकनंदाने दिवसभर अबोला धरला.

आता माझं पाप सांगतो. खालच्या हेमांगी वहिनींनी एकदा मान वर करून विचारलं, “भाऊजी, उत्तरा हल्ली दिवसाची दिसत नाही?” साधं उत्तर होतं: नाईट ड्यूटी आहे. पण साधं उत्तर द्यायचं तर बाल्कनीत बसायचं कशाला? मी एक लांब श्वास सोडला. “काय सांगू वहिनी! खिडक्यांना काळे कागद लावलेत. गॉगल लावून हिंडते. बाकी तुम्ही समजून घ्या.”

वहिनींनी समजून घेतलं. नुसतं घेतलं नाही, वाटलंही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समोरची बेल वाजली. पोरगी आजारी आहे म्हटल्यावर आपली माणसं रिकाम्या हाताने येत नाहीत आणि आजाऱ्याला बघितल्याशिवाय जातही नाहीत. अकराला शहाळं. साडेबाराला मुगाची खिचडी. तीनला डाळिंब आणि त्यामागोमाग महिला मंडळाच्या दोन बायका. “उठवू नका हं तिला, नुसतं बघून जाते,” असं दारातूनच ओरडून सांगत प्रत्येकजण आत. अलकनंदा बिचारी कुणाकुणाला अडवणार?

असे तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी उत्तरा जिन्यात दिसली. गॉगल कपाळावर, डोळे लाल. गुड नाईट नाही, काही नाही.

“काय गं?”

“आज हँडओव्हरला झोपले, काका. सकाळच्या सिस्टरना एकेक पेशंट सांगत होते. नऊ नंबरपर्यंत आले आणि उभ्या उभ्याच झोपले. इन्चार्ज सिस्टरनी माझ्या फाईलमध्ये नोंद केली. पुन्हा असं झालं तर पोस्टिंग पहिल्यापासून. मग परीक्षा बॅचबरोबर नाही, सहा महिन्यांनी.”

“किती रात्री राहिल्या?”

“अकरा,” म्हणाली आणि जिन्यातच कुणीतरी दिलेलं शहाळं माझ्या हातात कोंबलं. “हे घ्या. घरात आता ठेवायला जागा नाही.”

ते शहाळं मला गेलं नाही हो. शालिनीला सगळं सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “तूच आग लावलीस, तूच विझव.”

विझवायची म्हणजे पाणी लागतं. मी घेतलं रॉकेल. तळमजल्यावर त्यागी आंटी राहते. जन्म मेरठचा, आवाज कुस्तीच्या आखाड्यातला, आणि तिचा शब्द म्हणजे आमच्या ब्लॉकचा कायदा. तिच्या कानात मी हळूच सांगितलं, “आंटी जी, ऊपर माता आई है.”

इकडे कांजिण्यांना माता म्हणतात. माता घरात आली की तिला गडबड चालत नाही, पाहुणा चालत नाही, फोडणीचा वासही चालत नाही. आंटीने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. तासाभरात तिने स्वतः वर येऊन समोरच्या दारावर कोवळ्या कडुनिंबाची डहाळी बांधली. अलकनंदाला वाटलं, पोरीची दृष्ट काढली. तिने दोन्ही हातांनी नमस्कार केला. आणि काय सांगू! बेल गप्प. जिना गप्प. आमच्या ब्लॉकमध्ये चार दिवस कुणाच्या कढईत मोहरी तडतडली नाही. तो भाजीवाला, ज्याच्या गाडीवरचा भोंगा “आलू ले लो, प्याज ले लो” करत झोपलेल्या बटाट्यालासुद्धा उठवायचा, तो कोपऱ्यावरच भोंगा बंद करून दबक्या पावलांनी यायला लागला. उत्तरा आठ-आठ तास झोपली. मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कार केला, शालही पांघरली.

सकाळी साडेआठला आंटी पूजेत आणि संध्याकाळी सातला टीव्हीसमोर असते, हे गणित मी केलं होतं. पाचव्या दिवशी सातला वीज जाईल, हे गणितात नव्हतं.

वीज गेली, आंटी फाटकाशी आली, आणि पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये उत्तरा समोर उभी.

“हाय राम! माता में अस्पताल जा रही है? मरीज़ों को दे आएगी?” आंटीचा आवाज दोन मजले चढून आमच्यापर्यंत आला. “मेरा भतीजा वहीं दफ़्तर में है. अभी फ़ोन लगाती हूँ!”

दोन मिनिटांत उत्तरा माझ्या दारात. कुणी केलं, हे विचारलंच नाही.

“काका, असं डोकं या जिन्यात एकच आहे.”

“अगं, तुला झोप मिळावी म्हणून...”

“कांजिण्या घेऊन वॉर्डात गेले, असं नुसतं कुणी बोललं ना, तरी चौकशी होईपर्यंत घरी बसवतील. माझं पोस्टिंग गेलंच समजा! आंटी फोन शोधतायत. जा. खाली जाऊन खरं सांगा. सगळ्यांना. मी बसस्टॉपवर पोचायच्या आत.”

बावन्न वर्षांच्या आयुष्यात खरं बोलण्यासाठी मी इतक्या वेगाने कधी धावलो नव्हतो. अंधारात, मोबाईलच्या उजेडात, आधी आंटी. तिने सगळं ऐकलं. फोन खाली ठेवला. मग माझ्याकडे असं पाहिलं की वीज आली असती तर बरं झालं असतं, किमान तिने दुसरीकडे पाहिलं असतं.

“माता के नाम पर झूठ, दीनानाथ जी?”

“गलती हो गई.”

“कितने दिन बाकी हैं लड़की के?”

“सात रातें.”

“तो सात दिन आप उसके दरवाज़े पे बैठोगे. नौ से पाँच. कोई घंटी बजाए, तो आप जानो और मैं जानूँ.”

मग उरलेली सगळी दारं. हेमांगी वहिनी इतकंच म्हणाल्या, “म्हणजे माझी खिचडी फुकट गेली की!”

दुसऱ्या दिवसापासून उत्तराच्या दाराबाहेर माझी खुर्ची, मांडीवर लॅपटॉप. भोंगा कोपऱ्यावरच बंद राहिला, भाजीवाल्याला खरं कळलं होतं, तरी म्हणाला, “दीदी की ड्यूटी है तो ठीक है सर जी, पहले बोल देते.” भेटायला येणाऱ्यांची सवय काही सुटली नाही, फक्त आता ते मला बघायला यायचे. हेमांगी वहिनींनी तर शहाळं आणलं आणि कुजबुजत विचारलं, “भाऊजी, तब्येत बरी आहे ना?” शांताराम सकाळी कचेरीला निघाला की माझ्यासमोर थांबायचा, शिंक आल्यासारखं नाक धरायचा आणि हसत जिना उतरायचा.

शेवटच्या सकाळी मी लवकरच खुर्ची मांडली होती. वारा गार होता, डोळा लागला. मनगटावर कुणाची तरी बोटं टेकली म्हणून जाग आली. गॉगल कपाळावर चढवून, घड्याळाकडे बघत उत्तरा माझी नाडी मोजत होती.

“बेड नंबर एक,” ती अलकनंदाला हँडओव्हर देत होती, “पुरुष, वय बावन्न. रात्री झोप चांगली, दिवसाही चांगली. ताप नाही. तक्रार एकच, जिभेला खाज.”

“आणि तुझं?” मी विचारलं.

तिने पिशवीतून फाईल काढून उघडली. शेवटच्या चौकोनात इन्चार्ज सिस्टरची सही होती. पोस्टिंग पूर्ण. मग तिने दारावरची वाळलेली डहाळी सोडली आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवली.

“दिवसातून दोनदा, चावून. गुड नाईट काका.”

दार बंद झालं. आतून कडी लागली. नऊ वाजायला अजून दहा मिनिटं होती, पण मी उठलो नाही. खालून हेमांगी वहिनींच्या चपला वर येत होत्या.