रिकाम्या कॉकपिटमधून आलेलं उत्तर

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मानणं परवडणारंही नव्हतं. मी विमानांची मेंटेनन्स इंजिनियर. आमच्या कामात "बहुतेक बरोबर असेल" म्हणणाऱ्याला कोणी एक नटसुद्धा आवळू देत नाही. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण सापडेपर्यंत विमान जमिनीवर. या एका नियमावर मी आजवर नोकरी केली. तरीही हे लिहितेय, कारण आमच्याकडे लोक कुजबुजतात की त्या दिवशी जे झालं ते मीच घडवून आणलं.

आम्ही आगाशीचे. घरची वाडी, थोडी खाडीकडची भातशेती. विमानाचं वेड घरात आधी लागलं ते माझ्या मोठ्या भावाला — महेशदादाला. त्याच्यामागून मीही त्याच लाईनला आले. मी मुंबईत एका हँगरमध्ये लागले, आणि दादा गिरीजच्या बाजूला, केळीच्या वाड्यांना लागून असलेल्या एका विमान-प्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागला. एक मोठी शेड, दोन वर्ग, आणि मागच्या अंगणात एका इंजिनाचं जुनं छोटं विमान. ते उडायचं नाही. मुलांनी उघडायचं, जोडायचं, आणि पाहुणे आले की इंजिन सुरू करून दाखवायचं. संस्थेचे मालक दळवी सर.

अशा विमानाचा इग्निशन स्विच ऑन राहिला असेल, तर नुसत्या हाताने प्रॉपेलर हलवला तरी इंजिन झटका देऊ शकतं. म्हणून प्रॉपेलरला हात लावणारा आधी ओरडून विचारतो, "स्विचेस ऑफ?" कॉकपिटमधला माणूस डोळ्यांनी बघतो आणि मगच उत्तर देतो, "ऑफ." त्या उत्तरावर समोरच्याचा जीव असतो.

असेच पाहुणे यायचे होते. इंजिन बरेच दिवस बंद, म्हणून दादा प्रॉपेलर हाताने फिरवून मोकळा करत होता. एका फटक्यात त्याचा खांदा गेला, डोक्याला मार बसला. हॉस्पिटलमध्ये तो थोडा वेळ शुद्धीवर आला. माझं मनगट धरून एकच सांगत राहिला —

"रश्मे, मी विचारलं होतं गं. सर आत बसले होते, फोनवर होते. ऑफ म्हणाले... मी विचारलं होतं."

नंतर तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

दळवी सरांनी पोलिसांना सांगितलं, कॉकपिटमध्ये कोणीच नव्हतं. महेश एकटाच होता, स्विच त्यानेच ऑन ठेवला. दुसरा साक्षीदार नाही. मेलेल्या माणसाचा निरोप माझ्या तोंडून कोण ऐकणार? तेराव्याला सर घरी आले, आईसमोर हात जोडून म्हणाले, "हुशार होता हो... पण निष्काळजी." आई नुसती मान हलवत राहिली. माझ्या हातात वाढायची परात होती. ती त्यांच्या डोक्यात घालावी असं वाटलं... घातली नाही, एवढंच.

पुढे त्यांनीच मला दादाची जागा देऊ केली. "घरच्यांची काळजी आम्ही घेणारच ना." मी हो म्हटलं. लोकांना वाटलं, घराजवळची नोकरी पोरीला बरी पडेल. खरं सांगू? मला तो माणूस रोज डोळ्यांसमोर हवा होता. तो डबा खाताना, गाडी पुसून घेताना, मोठमोठ्याने हसताना मी बघत राहायचे. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पण याचं वाईट झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही, हे ठरलं होतं.

आता जे मला बोल लावतात त्यांच्यासाठी. रुजू झाल्यावर पहिलं काम मी काय केलं, तर ते इंजिन मारून टाकलं. ठिणगी पाडणारे दोन्ही मॅग्नेटो उतरवले, स्पार्क प्लग काढले, पेट्रोलची टाकी कोरडी केली. बॅटरी आधीच काढलेली होती. हे सगळं मुलांना शिकायला वर्गातल्या टेबलावर मांडलं. कॉकपिटला कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडे. पुन्हा कोणाच्या भावाला तिथे काही होऊ नये, एवढाच हेतू होता.

मग नवीन बॅच आली. दुपारी जेवणं झाल्यावर सर मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना घेऊन अंगणात आले. लख्ख ऊन होतं. मी विमानाच्या पंखापाशी उभी.

"सेफ्टी म्हणजे काय, ते इथे शिकायचं," सर म्हणाले. "याच जागी आमचा एक इन्स्ट्रक्टर गेला. का? आत कोणाला बसवून त्याने एक साधा प्रश्न विचारला नाही."

सरांनी उजवा हात प्रॉपेलरवर ठेवला, कॉकपिटकडे तोंड केलं, आणि नाटकात ओरडतात तसे ओरडले —

"स्विचेस ऑफ?"

"हां हां... ऑफ."

उत्तर आतून आलं. कंटाळलेलं, घाईचं, दुसऱ्या कोणाशी तरी बोलता बोलता टाकलेलं. आणि आवाज दळवी सरांचा होता! सर माझ्यासमोर उभे होते, तोंड मिटलेलं. कॉकपिटच्या काचेतून दोन्ही रिकाम्या सीट दिसत होत्या.

सानिका नावाची एक विद्यार्थिनी माझ्याजवळ सरकली. "मॅडम, आत कोण बसलंय?"

मागे कोणीतरी हसलं. सरांनी गंमत केली असं वाटलं असावं. सर हसले नाहीत. त्यांनी तो आवाज ओळखला होता, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. हात काढून घ्यायला त्यांना वेळ होता, हे मी शपथेवर सांगते. पण त्यांनी तो काढला नाही... की निघत नव्हता, देव जाणे.

मग धाडकन बार झाला आणि प्रॉपेलर अर्धा फेरा फिरला. एकच झटका. सर जमिनीवर पडले होते आणि त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं.

मुलं धावली. मी नाही धावले. मी इंजिनापाशी गेले. जळलेल्या पेट्रोलचा वास येत होता. सिलिंडरला बोट लावलं आणि चटका बसला. तशीच वर्गात गेले... मॅग्नेटो टेबलावर, प्लग टेबलावर, सगळं जागच्या जागी.

परत आले तेव्हा सर सगळ्यांसमोर बरळत होते, "मीच होतो आत... मीच ऑफ म्हणालो... न बघता म्हणालो..." पुढे पोलिसांनाही त्यांनी हेच लिहून दिलं. दादाच्या नावावरचा डाग गेला. सरांचा हात मनगटापासून काढावा लागला. त्या रात्री दादा गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले. वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

हँगरमधले माझे जुने सीनियर येऊन इंजिन उघडून बघून गेले. "तू म्हणतेस ते होऊच शकत नाही," एवढंच म्हणाले.

काही महिन्यांनी सर आमच्या दारात आले. ओळखू येत नव्हते इतके वाळले होते. आतून आईने विचारलं, "कोन हाय गो?"

"दळवी सर."

"भायेरच बसव. आनि पानी देऊ नको."

माझ्या जन्मात आईने दारी आलेल्याला पाणी नाकारलेलं मी पाहिलं नव्हतं.

सर ओट्यावर बसले. "रश्मी, एकदाच खरं सांग. तू आत स्पीकर लावला होतास ना? वायरिंग केलं होतंस? मी तक्रार करणार नाही, देवाशपथ. फक्त हो म्हण. मला झोप लागत नाही... तो आवाज माझाच होता गं."

एक "हो" म्हटलं असतं तर तो माणूस त्या रात्री शांत झोपला असता.

"मी काहीच केलं नाही, सर," मी म्हटलं. "ते काय होतं, मला माहीत नाही."

तेच खरं होतं. कारण सापडेपर्यंत विमान जमिनीवर ठेवणारी मी, आजही मला कारण सापडलेलं नाही. मी शोधतही नाही. मला त्या कारणाशिवायही छान झोप लागते.