गढूळ पाण्याच्या बाटल्या

मोनालीचं सासर जुन्या जालन्यात, नोकरी बदनापूरच्या कॉलेजात भूगोल शिकवायची, आणि पीएचडी ओडिशातल्या चिलिका सरोवरावर. समुद्राला खेटून पसरलेलं ते पाणी तिनं चार वर्षं फक्त लॅपटॉपवर पाहिलं होतं. उपग्रह ठरलेल्या दिवशी वरून जातो, फोटो पाठवतो. पाण्याच्या रंगावरून त्यात गाळ किती ते मोनाली काढते. तिच्या गाइड मॅडमना एवढ्यानं भागत नव्हतं. उपग्रह जाईल त्याच दिवशी तिथलं पाणी भरून आण, त्यातला गाळ वजन करून दाखव, तरच तुझा नकाशा खरा. नाहीतर ती नुसती रांगोळी.

हे घरात पटवता पटवता हिवाळा गेला. नवरा सूरज मोबाइल दुरुस्त करायचा. वरून सगळं दिसतं तर खाली जायचं कशाला, हा त्याचा प्रश्न काही केल्या संपेना. सासूबाई, बेबीनंदाबाई, शेजारणीला म्हणाल्या, तेही मोनालीला ऐकू जाईल अशा बेतानं, "आपला नळ आठ-आठ दिवस येत न्हाई, अन् ही रेल्वेनं पाणी भरायला चालली."

तरी एप्रिलात ती गेलीच. पहिल्यांदा होडीत बसली, दोनदा ओकली, पण आभाळ स्वच्छ होतं. जागोजागी थांबून बाटल्या भरल्या, त्यांवर जागांची नावं घातली आणि बर्फाचा डबा पायाशी घेऊन गाड्या बदलत परत आली. पावसाळ्याचे ढग दाटले की फोटोत पाणीच दिसत नाही, आणि प्रबंधाची वाढवून घेतलेली मुदत जूनअखेर संपत होती. पुन्हा वाढणार नव्हती.

घरी पोचल्यावर तिनं बाटल्या फ्रिजमध्ये लावल्या. सकाळी त्या विद्यापीठात न्यायच्या होत्या. "आई, यातला थेंबही सांडू देऊ नका," एवढं सांगून ती आडवी झाली.

सकाळी अंघोळ करून आली तर बाटल्या ओट्यावर ओळीनं उभ्या. पाणी काचेसारखं नितळ, तळाशी गाळाचे गोळे. शेजारी वाटीत तुरटीचं पाणी.

बेबीनंदाबाई खुशीत होत्या. "लई गढूळ आणल्तं बाई तू. तू झोपल्ती, मंग म्या चमचा-चमचा तुरटी घातली. बघ कसं निवळलं. एक थेंब सांडला न्हाई."

टँकरचं पाणी आलं की या गल्लीत हात आपोआप तुरटीकडं जातो. मोनालीचाही जायचा. त्यामुळं ओरडावं तरी कोणत्या तोंडानं, ते तिला कळेना.

"गढूळपणाच मोजायचा होता, आई."

"गढूळ मोजायला एवढ्या दूर गेल्ती? मंग आपल्या टँकरचं का मोजत न्हाई?"

सूरजनं बाटली उचलून हलवली. झालं की गढूळ, म्हणाला. तुरटीनं गाळाचे कण एकमेकांना चिकटतात, तुरटीचं वजनही त्यात धरलं जातं, हे त्याला सांगायला मोनालीनं तोंड उघडलं आणि मिटलं. चार वर्षं ती सांगतच होती.

मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. हे पाणी चालणार नाही, ढग यायच्या आत पुन्हा जा, एवढंच बोलल्या. मोनालीनं मोबाइलवर उपग्रहाच्या मे महिन्यातल्या तारखा काढल्या, मग रेल्वेच्या. ज्या तारखेला बघावं त्या तारखेला वेटिंग.

"परत जायचंय," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "यावेळी तुम्हीच चला, आई. तुम्हीच सांभाळा बाटल्या."

बेबीनंदाबाईंनी ओटा पुसता पुसता विचार केला.

"येते की. पण तिथं खारं पाणी म्हणतेस. प्यायचं घरूनच न्यावं लागंल."

मोनालीनं दोन तिकिटं काढली. दोन्ही वेटिंगवर.