चार नंबरच्या रस्त्यावर अडकलेला नवरदेव

रस्त्यांच्या नंबरांचं गणित साऱ्या परभणी जिल्ह्यात मला एकट्यालाच येतं, हे मी पाथरीच्या स्टँडवर इतक्यांदा सांगितलंय, की जीपवालेसुद्धा वळायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघतात. राष्ट्रीय महामार्ग विषम नंबरचा असला की आडवा, पूर्व-पश्चिम. सम असला की उभा, उत्तर-दक्षिण. आमचा पाथरी-परभणीचा एकसष्ट आडवा, कोकणातला सहासष्ट उभा. एवढं कळल्यावर माणसाला नकाशा लागतोच कशाला?

माझा भाचा कोकणात दाभोळच्या खाडीपलीकडं गुरुजी झाला आणि तिथल्याच शाळेतल्या एका बाईंशी त्याचं लग्न ठरलं. लग्न नवरीच्या गावात, मुहूर्त दुपारचा. वालूरहून मिनीबस निघाली ती माझ्या भरवशावर. माणगावला मुक्काम करून सकाळी निघालो, तर नवरदेव म्हणाला, "मामा, चिपळूणवरून गेलेलं बरं."

"गुरुजी, तुमी मुंडावळ्या सांभाळा. सागरी महामार्गाचा नंबर चार. चार सम. म्हंजे समुद्राच्या कडंनं वरून खाली, ओळंब्यावानी सरळ!"

हे गणित राष्ट्रीय रस्त्यांचं, राज्याच्या रस्त्यांना ते लागू नसतं, ही बारीकशी बाब मला ठाऊक नव्हती असं माझे विरोधक सांगतात. मी म्हणतो, लग्नाच्या दिवशी असल्या बाबी उकरूच नयेत.

रस्ता असा वळत होता, की मागच्या सीटवरच्या माणसाला पुढं बसलेली स्वतःची बायको समोरून येताना दिसायची. आणि दाभोळला तो सरळ पाण्यात गेला.

नवरदेवाचे वडील, म्हणजे आमचे दाजी, खाली उतरले. "आवो, सरळ म्हनला व्हता न्हवं? फुडं तर लय पानी हाय!"

"दाजी, नंबर सरळच हाय. पल्याड बी चारच. रस्ता तेवढा मधी भिजलाय."

तेवढ्यात गाड्या नेणारी फेरीबोट आली. मिनीबससकट चढलो, मी मिशीला पीळ दिला. पलीकडचा धक्का लागला तशी माझी बहीण ओरडली, "थांबा! हितून नवरीचं गाव सुरू व्हतंय. सीमांतपूजन झाल्याबिगर माझ्या लेकाचा पाय आत पडायचा न्हाई!"

वेशीवर नवरीच्या बापानं नवरदेवाचे पाय धुवायचे, टिळा लावायचा, मगच त्याला गावात घ्यायचं. आता नवरीचे वडील बँड घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, चिपळूणकडच्या वेशीवर उभे. देशावरचं वऱ्हाड तिकडूनच यायचं. मी फोन लावला.

"मामासाहेब, आहात कुठं? मुहूर्त जवळ आला!"

"खाडीच्या अंगाला."

"पाण्यातून वऱ्हाड? अहो, आमच्या सात पिढ्यांत असं कोणी आणलं नाही! आलोच!"

वऱ्हाड उतरलं, मिनीबस उतरली, पण बोट काही नवरदेवासाठी थांबेना. उतरावं तर आई पुढं उभी. मग मी आणि भाचा बोटीवरच राहिलो, परत दाभोळला गेलो, परत आलो, परत गेलो. मासळीच्या टोपल्या घेऊन चढलेल्या मावश्यांनी त्याला फेट्यासकट न्याहाळलं.

"काय रे, नवरी घरात घेत नाही वाटतं?"

दाजी धक्क्यावरून घड्याळ दाखवत असे उड्या मारत होते, की पाण्यातले मासे बघायला वर आले.

शेवटी व्याही मोटारसायकलवर आले, मागं टेम्पोत बँड. हातात तांब्या होता, पण खड्ड्यांत सगळं पाणी सांडलेलं. बोटीची फळी खाली टेकली तसे ते वाकले, खाडीचंच पाणी तांब्यात घेतलं आणि फळीवरच जावयाचे पाय धुतले. बँडवाल्यांनी टेम्पोतूनच असा सूर लावला, की बोटीवरच्या म्हशी डोलायला लागल्या. बोटीवर म्हशी नव्हत्या म्हणणारे त्या वेळी पैलतीराला होते.

मांडवात भटजींनी मंगलाष्टकं अशी काही ओढून धरली होती, की गायला नवं कडवं उरलं नव्हतं. भाचा धावत पाटावर चढला आणि शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली आला.

माळ घालून झाल्यावर नवरीनं माझ्याकडं बघितलं. "मामा, आम्हाला वालूरला कुठल्या रस्त्यानं न्यायचं ठरवलंय?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात दाजींनी त्यात अख्खा बुंदीचा लाडू कोंबला आणि ड्रायव्हरला हाक मारली, "चिपळूणवरनं रं, बाबा!"