उंबरठ्याबाहेरचं टेबल

नारीन गावातल्या बंद पडलेल्या शिवणकारखान्यावर आसिल्कान एजेंनी, म्हणजे आसिल्कानताईंनी, ‘इन्क्युबेटर’ अशी पाटी लावली, आणि दुसऱ्याच दिवशी दोन म्हाताऱ्या शालीत अंडी गुंडाळून हजर झाल्या. बदकाचीही चालतील का, असं विचारायला. एजेंनी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे असल्या प्रश्नांची सवय होती. त्या शांतपणे म्हणाल्या, “आजी, इथं माणसं उबवतो. खोली देतो, धंदा शिकवतो. पंख फुटले की बाहेर.”

त्यातल्या एका म्हातारीनं अंडी परत नेली आणि सून पाठवली. ती बुर्माकान.

बुर्माकान लोकरीच्या नमद्याच्या सपाता करायची. हात असा की शिवण शोधून सापडू नये. पण विक्री शून्य. दारातून आत आला तो पाहुणा. त्याला चहा, तळलेल्या पिठाचे बोरसोक आणि निघताना सपातांचा एक जोड भेट. भाव सांगायला तिची जीभच रेटेना. पाच महिन्यांत अर्ध्या नारीनचे पाय फुकट ऊबदार झाले.

“दुकान काढलंयस की अन्नछत्र?” एजे म्हणायच्या. आरशासमोर उभं करून त्यांनी तिच्याकडून भाव घोकून घेतला.

“आरशाला सांगते की, एजे. तो काय पाहुणा आहे?”

सहाव्या महिन्यातही एकही ऑर्डर नसली, तर खोली पुढच्याला द्यायची, हा नियम एजेंनीच केलेला. सात जण रांगेत होते. शेवटच्या आठवड्यात बिश्केकचा व्यापारी कालिबेक यायचा होता, आणि त्या सकाळी बुर्माकान पाहते तर काय, तिनं आपसूकच सारं टेबल पावानं आणि मुरंब्यानं भरलेलं.

एजे टेबलाकडे पाहत राहिल्या. “बाजारात तुझ्याकडे कुणी बकरी घ्यायला आलं, तर चहा पाजतेस?”

“बाजारात कोण पाहुणा असतो?”

“झालं तर. खाणं खिडकीत ठेव आणि टेबलाचं ते टोक धर.”

दोघींनी टेबल उंबरठ्याबाहेर, अंगणात नेलं. त्यावर फक्त सपाता मांडल्या.

कालिबेक आला आणि हात चोळत म्हणाला, “आत नाही का बोलावणार? थंडी आहे.”

“आधी जोडाला बाराशे सोम. मग आत.” बुर्माकानच्या तोंडून निघालं आणि तीच दचकली.

“हजार करा.”

“नाही, दादा. लोकर माझ्या सासूनं धुतलीय. कमी करायचं तर तिच्याशी बोला.”

सासू दारात बसलेलीच होती. कालिबेकनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बाराशेच्या भावानं दोनशे जोड सांगितले.

मग त्याला आत नेऊन इतकं खाऊ घातलं की पट्टा सैल करावा लागला. निघताना बुर्माकाननं त्याला एक जोड भेट दिलाच. एजेंनी तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर पाहिलं.

महिनाअखेर त्यांनी तिची खोली काढून घेतली. दोनशे जोडांची लोकर त्या खोलीत मावतच नव्हती.