जास्वंदीच्या बुडाशी तलाव

धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या आमच्या अंगणात, शेजारच्या भिंतीला लागून माझी लाल जास्वंद आहे. झाड माझं, फुलं मात्र शेजारच्या भाऊजींची. सकाळी डोळे चोळत बाहेर यावं, तर भिंतीपलीकडून आकडी बांधलेली काठी फांद्या ओढत असायची. सगळी फुलं त्यांच्या गणपतीला; माझ्या देव्हाऱ्यात नुसती तुळस.

"भाऊजी, दोन तरी ठेवत जा."

"देवाच्या फुलावर मालकी सांगून राहिल्या का वहिनी? पाप लागते!"

पाप मला! त्याच दिवशी ठरवलं, या माणसाला माझ्या फाटकात उभं राहून फूल मागायला लावायचं.

मागच्या उन्हाळ्यात मी काही दिवस लेकीकडे देवरीला गेले. पाणी घालायला भाऊजींनाच सांगितलं. फुलांची काळजी त्यांना जास्त. परत येऊन पाहते तो काय, झाडाच्या बुडाशी चिकणमातीची गोल पाळ! चोपून गुळगुळीत केलेली. आत धानाच्या शेतातल्या बांधीसारखं पाणी उभं.

"थेंब बाहेर जाणार नाही," भाऊजी छाती काढून म्हणाले. "आमच्या आज्यानं..."

"गावचा तलाव बांधला," मी वाक्य पुरं केलं. गल्लीत ते कुत्र्यामांजरांनाही पाठ होतं.

पाळ खरंच सुबक होती, म्हणून मी राहू दिली. पावसाळा लागला आणि तो तलाव भरलेलाच राहिला. आषाढात पानं पिवळी पडू लागली. आधी खालची, मग मधली. कळ्या उमलण्याआधीच गळायच्या.

"काऊन पिवळी पडून राहिली जी?" भाऊजींनी भिंतीवरून विचारलं. "झाडाले हातगुण लागते. तुमच्या हाताले नाही तो!"

हे गल्लीतल्या चार बायकांदेखत. बायका हसल्या. मीही हसले. माझं हसू त्यांना कळायला हवं होतं.

मग मी पान न् पान तपासलं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असत्या, तर लोह कमी पडलं म्हटलं असतं. इथे अख्खं पान हळदीसारखं. पानामागे चिकटा नाही, पांढरी कीड नाही. जुनं एखादं पान पिवळं होऊन गळतंच, पण अर्धं झाड? आणि माती ओलीचिंब असूनही पानं मान टाकून. खुरपीने उकरलं, तर काळा चिखल आणि कुजका वास. मुळाला बोट लावलं, तर सालच हातात आली. झाड पाण्यात गुदमरत होतं! धानाला उभं पाणी मानवतं, जास्वंदीला नाही.

रोग सापडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी भाऊजींना हाक मारली. मोठ्याने, चारही बायका परत बाहेर येतील अशी.

"भाऊजी, तुमची पाळ फोडावी लागते. नाही तर यंदा गणपतीला प्लास्टिकची फुलं."

"पाळ? फोडाची? आमी पाळ बांधतो, फोडत नाही!"

"म्हणून तर बोलावलं. तलाववाल्यांची पाळ दुसऱ्यानं फोडणं बरं दिसते का?"

बायका पदरात तोंड लपवून पाहत होत्या. शेवटी आले बिचारे, फावडं घेऊन. विचारलं, "पाणी कोण्या अंगाले काढू?"

"उतार कुठं आहे, हे तुमाले मी सांगावं?"

मला उतार चांगला ठाऊक होता. भाऊजींनी तोऱ्यात एकच घाव घातला, आणि तो काळा, घाणेरडा लोंढा फाटकाखालून निघून थेट त्यांच्याच ताज्या सड्यावर गेला. दारात त्यांची बायको रांगोळीची वाटी घेऊन उभी होती. पुढे ती त्यांना जे बोलली, ते लिहिण्याजोगं नाही. पण मला शब्द न् शब्द आठवतो.

मग उपचार केला. सडकी मुळं कापली, बुडाशी रेती आणि जुनं शेणखत मिसळून माती उंच केली, पाणी बोटभर माती सुकल्यावरच. मुळं कमी झाली की वरचा भारही कमी करावा लागतो, म्हणून छाटणीही केली. छाटल्या त्या भिंतीपलीकडे झुकलेल्या फांद्या. एकूण एक.

नवे फुटवे आले, हिरवेगार, सगळे माझ्या बाजूला. चतुर्थीच्या सकाळी झाड लाल झालं होतं. काठी आली, हवेत चाचपडली आणि परत गेली. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. भाऊजी, आंघोळ करून, हातात रिकामं ताट.

"वहिनी... फुलं देता का जी?"

"काय म्हटलं? ऐकू नाही आलं."

त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मी ताट भरून दिलं. गणपतीशी माझं काही वैर नाही. तेव्हापासून रोज सकाळी कडी वाजते, आणि रोज मी जरा उशिराच दार उघडते.