पडीक नव्हे, गायरान

चंद्रप्रभा मूळची माणदेशची. नवऱ्याच्या, बळवंतच्या सरकारी नोकरीपायी दिल्लीत आर. के. पुरमला आली आणि फरीदाबादच्या कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजचे सर्किट बोर्ड आखायला लागली. दिल्लीनं तिला ‘अच्छा’ न् ‘बिल्कुल’ शिकवलं. पण वैतागली की तोंडून गावच बाहेर पडायचं.

नव्वदीतले दिवस. देशाची दारं उघडलेली, परदेशी माल लोंढ्यानं आत येत होता. साहेबांनी बजावलं होतं, “यह बोर्ड नहीं चला, तो डिझाइन बाहर से आएगा.” म्हणजे बाईचं टेबल उठलंच.

आणि बोर्डाला जोडलेल्या फोनवर फोडणीसारखी चरचर येत होती.

बोर्ड म्हणजे चार पदरांची पोळी. वरच्या न् खालच्या पदरात सिग्नलच्या वाटा, नुसती दाटी. मधे तांब्याचे दोन सलग पत्रे, एक विजेचा, एक ग्राउंडचा. ग्राउंडवर ना वाट, ना वळण. माणदेशी डोळ्याला एवढं पडीक बघवतंय होय? एका सिग्नलला जागा मिळेना, तर तिनं तो खुशाल त्या पडीकातून, तांबं चिरून आडवा काढलेला.

“ताई, क्लॉक चालू केला की मगच चरचर येते,” चाचणीवाला पुण्याचा केतन म्हणाला.

क्लॉक म्हणजे अख्ख्या बोर्डाला ताल देणारा सिग्नल. तिनं त्याच्या वाटेवर बोट फिरवलं. बोट नेमकं त्या आडव्या सिग्नलच्या डोक्यावरून गेलं. गेलेला सिग्नल माघारी येतो तो खालच्या ग्राउंडातून, थेट आपल्याच वाटेखालून. इथं मात्र मधे चीर!

“आगं बया! पडीक न्हवं, गायरान हाय ते!”

“गायरान म्हणजे?”

“लेका, गावची जनावरं चरायची जागा. कुणाची नसती, म्हणून समद्यांची असती. मी मधोमध कुंपण घातलं. आता जनावरं वळसा मारून दुसऱ्याच्या पिकातनं घरी येत्यात.”

“आणि त्यांच्या घंटा मी फोनवर ऐकतोय!”

ती हसली नाही. बघतच राहिली. एवढं तांब्याचं माळरान पसरलेलं. हाकणारा गुराखी नाही, वाट दाखवणारं कुणी नाही, तरी परतणारी वीज गेल्या वाटेखालचीच पट्टी धरते. हे तिला कोण सांगतं? वर्षानुवर्षं बोर्ड आखले, आणि बाईनं निम्मी वाट कधी पाहिलीच नव्हती.

तिनं कुंपण काढलं. तो सिग्नल खालच्या पदरातून, लांबच्या वळशानं नेला.

नवा नमुना आला. साहेबांनी फोन कानाला लावला, कपाळाला आठी. “डेड है क्या?”

पलीकडच्या खोलीतून केतननं फोनवर नुसतं खाकरून घेतलं, आणि साहेबांनी दचकून मागं वळून पाहिलं.